संशोधन निधी आणि सिंधुदुर्गातील लघुउद्योगांची पूर्वतयारी

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मे महिना सरत आला की मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील अंगणांत रातांब्यांच्या साली वाळत पडलेल्या दिसतात. फळ फोडावयाचे, गर व बिया वेगळ्या करावयाच्या, सालीला फळाच्याच रसाचे पूट द्यावयाचे आणि ती पुन्हा उन्हात पसरावयाची, असा क्रम अनेक दिवस चालतो. ऊन कडक मिळाले तर आमसूल काळसर-तांबडे, मऊ आणि टिकाऊ होते. परंतु जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या किनाऱ्यावर पाऊस उतरतो आणि त्या वेळी झाडांवर पिकलेली फळे शिल्लक असतात. पाऊस लागलेले फळ गळते, कुजते. वाळत घातलेल्या सालीला बुरशी येते. वर्षभराच्या कमाईचा एक भाग चार दिवसांत चिखलाला मिळतो. हे दरवर्षी घडते, आणि दरवर्षी घडते म्हणूनच कोणी त्याला 'प्रश्न' म्हणत नाही. त्याला नशीब म्हटले जाते.

पाऊस सुरू झाल्यावर तोडलेला रातांबा उन्हावाचून कसा वाळवावा, हा खरोखर संशोधनाचा विषय आहे. काजूच्या बोंडूचेही तसेच आहे. बीपेक्षा कितीतरी अधिक वजनाचे हे रसाळ फळ 'क' जीवनसत्त्वाने समृद्ध असते. तरीही ते दुसऱ्या दिवशी आंबू लागते, त्याचा रस घशाला तुरट लागतो, आणि म्हणून बी काढून घेतल्यावर बोंडू झाडाखालीच टाकून दिला जातो. शेजारच्या गोव्याने बोंडूपासून फेणीचा व्यवसाय उभा केला आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळविले. सिंधुदुर्गातील बहुसंख्य बोंडू मात्र अजूनही मातीत जातो. सुकी मासळी, फणसपोळी, आंबापोळी, काथ्या या प्रत्येक व्यवसायात असा एखादा अडलेला प्रश्न आहे. या प्रश्नांसाठी शासनाकडे निधी आहे. तो निधी आणि ते अंगण यांच्यामध्ये अंतर आहे. ते कसे कमी करावे, हा या भाषणाचा विषय होय.

संशोधन हे परके नाही

संशोधन म्हटले की पांढरा डगला घातलेला शास्त्रज्ञ आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. सिंधुदुर्गाला तरी असे वाटण्याचे कारण नाही. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून कार्य करीत आहे. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारखे काजूचे वाण तेथेच सिद्ध झाले आणि कोकणाबाहेरही पसरले. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' हा आंबा १९८१ साली, आणि पुढे अतिशय पातळ कोय असलेला 'सिंधू' हा आंबा १९९२ साली शेतकऱ्यांना मिळाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली प्रसारित केलेला 'कोकण अमृता' हा कोकमाचा वाण लवकर तयार होतो. त्याचे बहुतांश पीक पावसापूर्वी हाती येऊ शकते. म्हणजे पावसाने होणाऱ्या नुकसानीचे एक उत्तर संशोधनाने दिलेले आहे. तथापि जुनी झाडे आहेत तशीच उभी आहेत, नव्या कलमांना फळ धरण्यास काही वर्षे लागतात, आणि तोवर फळ वाळविण्याचा प्रश्न उरतोच.

झाड सुधारण्याचे काम विद्यापीठ करू शकते. परंतु फळ घरात आल्यानंतर काय बिघडते, हे त्या घरातील माणसालाच ठाऊक असते. वाळवणयंत्राची उष्णता वाढविली तर साल लवकर वाळते, पण कोकमाचा तांबडा रंग उष्णतेने फिका पडतो. उष्णता कमी ठेवली तर बुरशी येते. या दोहोंमधील नेमका बिंदू शोधणे म्हणजेच संशोधन. येथे शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि उद्योजकाचा अनुभव या दोहोंची सारखीच गरज आहे.

एका छपरापासून एका मंचापर्यंत

लहान उद्योजकाला दहा कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हा विचार नवा नाही. १९७८ साली देशात जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला तो याच हेतूने. सर्व सेवा एकाच छपराखाली, अशी ती कल्पना होती. तीन वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. रत्नागिरीपर्यंतची फेरी वाचली आणि शासन जवळ आले.

आज तीच कल्पना संगणकाच्या पडद्यावर आली आहे. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. आधार आणि पॅन यांच्या आधारे, स्वयंघोषणेवर आणि विनामूल्य. ६ जून २०२२ रोजी 'जन समर्थ' हा मंच सुरू झाला. त्यात प्रारंभी कर्जाशी निगडित तेरा शासकीय योजना एकत्र आणण्यात आल्या. संशोधनाच्या क्षेत्रात संसदेने २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो अंमलात आला आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ या प्रतिष्ठानात विलीन झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभारावयाचे आणि त्यांपैकी मोठा वाटा शासनाबाहेरून, म्हणजे उद्योग, दानशूर संस्था यांच्याकडून यावा, अशी त्यामागील योजना आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातील संशोधन व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या आणखी एका निधीस मान्यता दिली.

या आकड्यांमागे एक उणीव आहे. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच होता, आणि त्यात उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी होता. ही उणीव भरून काढावयाची तर उद्योगांनी, त्यांत लहान उद्योगांनीही, संशोधनात उतरावयास हवे. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून मोठ्या केंद्रीय खात्यांच्या संशोधन निधीचा ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवला. आधी लहान रकमेत कल्पना पारखावयाची, ती टिकली तरच पुढचा मोठा हप्ता द्यावयाचा, ही तेथील रीत होती. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली अशाच धर्तीवर लघुउद्योगांसाठी उपक्रम सुरू केला.

संशोधन निधीची सर्व दारे अद्याप एकाच भिंतीत आलेली नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विज्ञान खाते, जैवतंत्रज्ञान खाते, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालय, कृषी खाते यांची दारे आजही वेगवेगळी आहेत. परंतु दिशा एकत्रीकरणाची आहे. उद्योजकाची ओळख, त्याचे हिशेब, त्याला पूर्वी मिळालेले साहाय्य हे सारे एकमेकांशी जोडले जात आहे. एकत्रित मंचाचा लाभ असा की एकदा दिलेली माहिती पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही. त्याचा धाक असा की एकदा चुकलेली माहिती सगळीकडे चुकते. म्हणूनच मंच तयार होईपर्यंत थांबण्याऐवजी उद्योगाने आधी तयार व्हावे.

कोणता निधी कशासाठी

पूर्वतयारीची पहिली पायरी म्हणजे निधीचे प्रकार ओळखणे. गोंधळ येथेच अधिक होतो.

यंत्र विकत घेऊन ठाऊक असलेला माल अधिक प्रमाणात करावयाचा असेल, तर तो विस्तार झाला, संशोधन नव्हे. त्यासाठी वेगळ्या योजना असतात. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, एवढे कर्जसंलग्न अनुदान ठेवण्यात आले, ते अशा कामासाठी. नवी कल्पना पारखून पाहावयाची असेल तर ते संशोधन. २०२२ साली सुरू झालेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 'इनोव्हेटिव्ह' योजनेत मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत एका कल्पनेसाठी पंधरा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. अनुसंधान प्रतिष्ठानाचा पैसा मुख्यतः विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्याकडे जातो. तेथे लहान उद्योजक भागीदार म्हणून येऊ शकतो. एक लाख कोटींच्या निधीतील पैसा तर दीर्घ मुदतीचे अल्पव्याजी कर्ज अथवा भागभांडवल या रूपाने द्यावयाचा आहे आणि तोही तंत्रज्ञान चौथ्या पायरीवर पोहोचल्यानंतर.

ही पायरी म्हणजे काय? तंत्रज्ञानाची सिद्धता एक ते नऊ अशा पायऱ्यांनी मोजतात. उन्हावाचून साल वाळविता येईल असे सुचले, तत्त्व कागदावर मांडले, की पहिली-दुसरी पायरी. लहान पेटीत किलोभर साल वाळवून पाहिली की तिसरी-चौथी. प्रत्यक्ष अंगणात, भर पावसात, उद्योगाच्याच बायांनी ते यंत्र चालविले की सहावी-सातवी. बाजारात माल जाऊन टिकला की नववी. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे प्रामाणिकपणे सांगता आले, तर कोणत्या दारावर थाप मारावयाची हे आपोआप कळते.

या ठिकाणी एक गोष्ट फार जपून लक्षात ठेवावयास हवी. संशोधन फसू शकते. अनुदानावर केलेला प्रयोग फसला तर हिशेब व अहवाल देऊन माणूस मोकळा होतो. कर्जावर केलेला प्रयोग फसला तरी हप्ता भरावाच लागतो. ज्या घराची सारी मिळकत चाळीस-पन्नास कलमांवर आहे, त्या घराने प्रयोगासाठी जमीन गहाण टाकू नये. हा सल्ला त्यांना वेळीच मिळावा, ही त्यांच्याजवळ असलेल्या शिक्षितांची जबाबदारी आहे.

सहा गोष्टींची तयारी

पहिली गोष्ट ओळखीची. उद्यम नोंदणी, पॅन, बँक खाते, अन्नपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा परवाना अथवा नोंदणी, या सर्वांवर उद्योगाचे व मालकाचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. आधारवर एक नाव, बँकेत माहेरचे नाव आणि बचत गटाच्या वहीत तिसरेच, अशी स्थिती अनेक भगिनींची असते. पुढे याच कारणाने अर्ज अडतात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी व उलाढालीत दहा कोटी रुपये झाली आहे. तेव्हा जिल्ह्यातील बहुतेक सर्व घरगुती उद्योग सूक्ष्म गटातच येतात.

दुसरी गोष्ट वहीची. कोणत्या तारखेला किती रातांबे आले, किती फेकावे लागले, साल किती निघाली, आमसूल किती उतरले, त्या दिवशी ऊन होते की मळभ, आणि माल कोणत्या दराने गेला, एवढे रकाने शाळेच्या साध्या वहीत आखून एक हंगाम भरावेत. ही वही हेच उद्योजकाचे खरे भांडवल होय. 'फार नुकसान होते' असे सांगणारे अर्ज पुष्कळ येतात. किती नुकसान होते हे दाखविणारा अर्ज वेगळा उठून दिसतो.

तिसरी गोष्ट प्रश्नाची. 'आमच्या भागात कोकमाची नासाडी होते, तरी यंत्र मिळावे' ही मागणी झाली. 'पाऊस सुरू झाल्यावर तोडलेल्या रातांब्याची साल, सूर्यप्रकाश नसताना, रंग व आंबटपणा न गमावता तीन दिवसांत वाळविता येईल काय?' हा प्रश्न झाला. त्यात फळ आहे, परिस्थिती आहे, कसोटी आहे आणि मुदत आहे. संशोधन निधी मागणीला मिळत नाही, प्रश्नाला मिळतो.

चौथी गोष्ट तपासणीची. मालातील ओलावा, आम्लता, सूक्ष्मजंतूंचे प्रमाण यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तरी तपासणी करून घ्यावी. आज माल कसा आहे हे ठाऊक नसेल, तर प्रयोगानंतर तो सुधारला हे सिद्ध कशावरून करावयाचे?

पाचवी गोष्ट जोडीदाराची. मालवण तालुक्यातच किर्लोस येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. वेंगुर्ल्याचे संशोधन केंद्र आहे. रत्नागिरीस विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. अर्जाची मुदत आठ दिवसांवर आल्यावर शास्त्रज्ञांकडे धावत जाण्याऐवजी हंगामाच्या आधीच आपली वही घेऊन जावे. मात्र एकत्र काम सुरू करण्यापूर्वी खर्च कोणी करावयाचा, निष्कर्ष कोणाचे आणि त्यापासून लाभ झाला तर कोणाचा किती, हे लेखी ठरवावे. चांगल्या संबंधांना कागदामुळे बाध येत नाही.

सहावी गोष्ट हिशेबाची. शासकीय अनुदान मंजूर कामावरच खर्च करावे लागते. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ अन्वये आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्यासाठी निधीचे हिशेब वेगळे, पावत्या तारीखवार आणि घरखर्च त्यापासून दूर ठेवावा. पहिल्या लहान रकमेचा हिशेब चोख देणाऱ्याला दुसरी रक्कम मिळणे सोपे जाते.

हक्कांचे भान

वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना २०१६ साली, तर कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन भागाला मिळाले, म्हणजे प्रत्येक उत्पादकाला त्याचे चिन्ह आपोआप वापरता येते असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती न केल्यास नावाचा फायदा भलतेच घेऊन जातात.

पेटंटबाबतही दोन गैरसमज आहेत. आमसूल करण्याची परंपरागत रीत कोणाच्याही मालकीची नाही व तिचे पेटंट होत नाही. परंतु वाळवणयंत्रातील एखादी खरी नवी सुधारणा त्यास पात्र ठरू शकते. तसे असेल तर अर्ज दाखल होण्यापूर्वी ती प्रदर्शनात मांडू नये अथवा वृत्तपत्रात छापू नये, कारण उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. लघुउद्योगांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, हेही ठाऊक असावे.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य याहून वेगळे आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावात कोणती झाडे आहेत, त्यांचा कोणता उपयोग कोण पूर्वापार करीत आला आहे, याची ही नोंद आहे. संशोधनासाठी बाहेरून माणसे येतील तेव्हा गावाचे ज्ञान गावाचेच होते, हे ही वही सांगेल. ती केवळ पूर्ततेसाठी भरून कपाटात ठेवली, तर ती असून नसल्यासारखीच.

कोणी काय करावयाचे

शिक्षकांनी एका गोष्टीचा विचार करावा. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेमुळे शासकीय विद्यापीठे व महाविद्यालयांना जगातील हजारो संशोधन नियतकालिके खुली झाली आहेत. काजूच्या बोंडूच्या रसातील तुरटपणा साबुदाणा, भाताची पेज अशा साध्या पदार्थांनीही कमी करता येतो, हे केरळातील संशोधनाने दाखविले आहे. असे लेख वाचून चार सोप्या मराठी वाक्यांत गावाला सांगणे, हे शिक्षकाखेरीज कोण करणार? नोंदवहीचे रकाने आखून देणे, विद्यार्थ्यांकडून आईच्या वहीत आकडे भरून घेणे, हाही विज्ञानाचाच पाठ आहे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत वर्षातून एकदा उद्योगांच्या अडचणींची यादी करावी आणि एकाच अडचणीच्या चार-पाच उद्योजकांना एकत्र आणावे. एकट्या घराला न पेलणारा प्रयोग गटाला पेलतो. दलालांपासून सावध करणे हेही त्यांचेच काम. उद्यम नोंदणी विनामूल्य असताना तिच्यासाठी पैसे मागणारी बनावट संकेतस्थळे आहेत. 'अनुदान मिळवून देतो, टक्केवारी ठरवू' असे म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा अशी की अर्ज नाकारताना कारण समजेल अशा भाषेत सांगावे. 'त्रुटी आहेत' एवढ्या दोन शब्दांनी एखाद्या भगिनीचा पूर्ण हंगाम वाया जातो. पर्जन्यकाळ कार्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. मे महिन्यातील प्रयोगाचा पैसा ऑगस्टमध्ये मंजूर झाला तर त्याचा उपयोग पुढील वर्षीच. म्हणून तपासणी हंगामाआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच, व्हावयास हवी. एकत्रित मंच पडद्यावर कितीही सुलभ असला तरी ज्या गावात दूरध्वनीची लहर पावसात टिकत नाही, तेथे अर्ज भरण्यास माणूसच लागतो. तो माणूस पंचायतीच्या कार्यालयात उपलब्ध असला पाहिजे.

प्रत्येक उद्योगाने संशोधन निधी मागितलाच पाहिजे असे मुळीच नाही. पुष्कळांच्या प्रश्नाचे उत्तर आधीच विद्यापीठाकडे असते. ते विचारले की मिळते. काहींना केवळ स्वच्छ पिशवी आणि योग्य चिठ्ठी एवढ्याचीच गरज असते. पण ज्याचा प्रश्न खरोखर अनुत्तरित आहे, त्याला अर्ज कसा लिहावा हे ठाऊक नाही एवढ्यासाठी मागे राहावे लागू नये. येत्या हंगामात प्रत्येक गावातील निदान एका घरी ती साधी वही उघडली गेली, तर एकत्रित मंचाच्या तयारीतील अवघड काम सुरू झाले असे समजावयास हरकत नाही. उरलेले काम कार्यालयांचे आहे, आणि कार्यालयांनी ते वेळेवर करावे.